‘एम’ : हिंस्र गुन्ह्याचे आकलन आणि प्रतिबंधाचा प्रश्न

प्रस्तावना :
फ्रित्झ लांग दिग्दर्शित ‘एम’ हा जर्मन चित्रपट १९३१ साली प्रदर्शित झाला. लहान मुलांची हत्या करणाऱ्या हान्स बेकर्टचा शोध हे त्याचे कथानक. पटकथेत थेआ फॉन हार्बू यांचा सहभाग होता. बेकर्टची भूमिका पीटर लॉरे यांनी केली. गुन्हेगार कोण, हे रहस्य येथे शेवटपर्यंत राखलेले नाही. त्यामुळे असा गुन्हा समाजाला का रोखता येत नाही, हा प्रश्न केंद्रस्थानी येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने चित्रपटाचा विचार केला आहे.

विवेचन :
हिंस्र गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, हा समज चित्रपट प्रथम मोडीत काढतो. बेकर्ट गोल चेहऱ्याचा, साधा, मुलांना खाऊ व फुगा घेऊन देणारा आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ त्याच्या पत्रावरून त्याच्या मनोवृत्तीचे वर्णन करीत असताना तो आरशासमोर तोंड वेडेवाकडे करताना दिसतो. जणू लोकांच्या कल्पनेतील राक्षस तो स्वतःच्या चेहऱ्यात शोधतो आहे.

या समजाचा परिणाम शहरावर होतो. एका मुलीशी सहज बोलणाऱ्या वृद्धाला जमाव घेरतो. संशय वाढतो; सुरक्षितता मात्र वाढत नाही. मुलांशी आपुलकीने बोलणारा प्रौढ माणूसच अशा वातावरणात मागे सरतो आणि मुले अधिक एकटी पडतात. याउलट बेकर्टची ओळख पटते ती एका अंध फुगेवाल्यामुळे. मुलीच्या हत्येच्या दिवशी ऐकलेली शीळ त्याच्या लक्षात राहिलेली असते. संशय आणि लक्ष यांतील हा भेद चित्रपटाचे मर्म होय.

पोलीस व गुन्हेगारी टोळ्या यांच्या बैठका लांग आलटून पालटून दाखवतात. छाप्यांमुळे धंदा बुडू लागल्याने टोळ्या शोधात उतरतात. निरीक्षक लोहमान मनोरुग्णालयांतून सुटलेल्यांच्या नोंदींवरून माग काढतो. मात्र दोन्ही शोध गुन्हा घडून गेल्यानंतरचे आहेत. त्या नोंदी आधी कोणाच्या उपयोगी का पडल्या नाहीत, हे चित्रपट विचारत नाही.

टोळ्यांच्या ‘न्यायालया’त बेकर्ट आपल्या अनावर प्रेरणेची कबुली देतो. त्याचा बचाव करणारा त्याला शिक्षेऐवजी उपचार हवेत असे मांडतो. जमाव मृत्यूची मागणी करतो. बेकर्टला समजून घेणे म्हणजे त्याला क्षमा करणे नव्हे. तथापि आकलनाशिवाय प्रतिबंध अशक्य आहे, ही जाणीव येथे प्रत्ययास येते.

मर्यादा व निष्कर्ष :
अखेरीस खऱ्या न्यायालयाचा निकाल ऐकवला जात नाही. शोकाकुल माता म्हणतात, की शिक्षेने मुले परत येणार नाहीत. मुलांवर अधिक लक्ष ठेवले पाहिजे. हा शेवट हृदयस्पर्शी आहे, परंतु अपुराही आहे. एल्सीची आई श्रमजीवी असून ती कपडे धुण्याच्या कामात गुंतलेली आहे. जेवणाची रिकामी थाळी व तारांत अडकलेला फुगा यांतून तिची वाट पाहणे लांग परिणामकारकपणे दाखवतात. राखणीचा भार तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे ठरते. मुलांची राखण ही शेजार, शाळा, रस्ता व शासनयंत्रणा यांची सामायिक जबाबदारी होय. चित्रपट हे स्पष्ट शब्दांत सांगत नाही. मात्र फुगेवाल्याच्या प्रसंगातून त्या दिशेने निर्देश करतो. या निर्देशामुळेच ‘एम’ आजही अभ्यसनीय ठरतो.