एका नावाआडच्या दहा प्रजाती

टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत आढळणारे ‘अस्ट्राप्टिस फल्गरेटर’ हे स्किपर कुळातील फुलपाखरू दीर्घकाळ एकच प्रजाती मानले गेले. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते येथील नमुन्यांवरून त्यात दहा प्रजाती असल्याचे प्रतिपादन हेबर्ट, जॅन्झेन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केले. प्रौढ फुलपाखरे जवळजवळ सारखीच. परंतु अळ्यांचे रंग व खाद्यवनस्पती भिन्न. अळ्या वाढवून वर्षानुवर्षे ठेवलेल्या या नोंदी हेच अभ्यासाचे खरे बळ होय. डीएनए बारकोडला मिळालेले श्रेय काहीसे अवाजवी वाटते. ब्रॉवर यांच्या २००६ मधील फेरतपासणीत किमान तीन व कमाल सात गटांनाच आधार मिळाला. (पुढे २०१० मध्ये दहाही प्रजातींना नावे त्यांनीच दिली!) मात्र एका संरक्षित क्षेत्रातील हे विभाजन उर्वरित खंडास सरसकट लावता येत नाही. जुन्या संग्रहांतील ‘फल्गरेटर’ नेमके कोणते, हे ठरल्याशिवाय त्यांच्या प्रसाराचा नकाशा काढणे घाईचे ठरेल.