‘त्रुटी’ हा शब्द आपल्या कवितेत का नाही?

भद्रावती-वरोऱ्याकडच्या पोरांच्या कवितांच्या वह्या माझ्याकडे येतात. कुणी १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भेटला की हातात देतो, कुणी जिनिंगच्या गेटवर आणून देतो. मी सगळ्या वाचतो. वहीत सूर्य असतो, मशाल असते, पेटलेलं रान असतं, मनू तर पानोपानी असतो. खोटं काही नाही त्यात. पण १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा ज्यांनी हे शब्द हाती घेतले, त्यांचे हात भाजले होते. आपल्याला ते थंड झालेले मिळालेत. आणि ज्या पोराने ही वही लिहिली, त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज तीनदा परत आलेला असतो. त्याची माय कापूस वेचणीचे दोन खाडे करून तहसीलला जाऊन आलेली असते. त्याबद्दल वहीत एक ओळ नाही. काहून नाही, असं विचारलं तर म्हणतो, “ते का कवितेत लिवाची गोष्ट हाये का भाऊ?”

मित्रांनो, मला याच प्रश्नावर भांडायचं आहे.

मी कॉलेजात गेलेलो नाही. हंगामात जिनिंगमध्ये गाठी ओढतो, हंगाम संपला की मिळेल ते. वस्तीतल्या दहा-बारा घरांचे अर्ज मात्र मीच भरून देतो. त्यामुळे एखादा प्राध्यापक कादंबरी वाचतो तितक्यांदा मी तो अर्ज वाचला आहे. समीक्षा करायचीच तर आधी त्याची करू. आपल्या घरांबद्दल सगळ्यात जास्त छापलेला मजकूर तोच आहे, आणि तो आपण लिहिलेला नाही.

त्यात आपल्याला ‘लाभार्थी’ म्हटलंय. लाभ म्हणजे प्रसाद. देणारा देतो, घेणारा ओंजळ करतो. दुसरा शब्द ‘त्रुटी’. अर्ज परत येतो तेव्हा शेरा एवढाच : त्रुटीपूर्तता करावी. त्रुटी कुणाची, कोणी केली? वाक्याला कर्ताच नाही. व्याकरणाच्या तासाला मास्तर सांगायचे, आधी कर्ता शोधा. इथे कर्ता शोधायला माय कॉलेजच्या खिडकीवर जाते. तिथला बाबू म्हणतो वरून आलं. वरचा म्हणतो कॉलेजातून चुकलं.

त्रुटी कशी असते ते बघा. टीसीवर ‘खोब्रागडे’ आणि आधारवर ‘खोबरागडे’. झाली त्रुटी. याच आडनावाचे बॅरिस्टर राजाभाऊ आपल्या चांद्याचे, १९६९ साली राज्यसभेचे उपसभापती झाले. आज त्याच आडनावाचं पोरगं एका जोडाक्षरासाठी वर्षभर लटकतं.

आता धर्माचा आणि जातीचा रकाना. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोनच दिवसांनी आपल्या चांद्यात दीक्षा दिली. आजा-आजीने त्या दिवशी एक शब्द टाकून दिला. अर्जात धर्म ‘बौद्ध’ लिहिल्यावर खाली तोच शब्द परत लिहावा लागतो. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना घेतलं ते १९९० साली. लढून मिळालेलं आहे हे, त्याची लाज नाही. पण अर्ज भरताना वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, “हे लिहून राह्यला तं जरा हळू आवाजात वाच बाप्पा.” एवढ्या वाक्यात एक आख्खी कविता आहे. ती कुणी लिहिली नाही.

पुढे पडताळणी येते. व्यावसायिक शिक्षणाला जायचं तर जातवैधता पाहिजे, आणि तिला १० ऑगस्ट १९५० च्या आधी आपलं कुटुंब इथलंच आणि याच जातीचं होतं याचा पुरावा पाहिजे. आदिवासी घरांना तारीख ६ सप्टेंबर १९५०. राज्याचा २००० सालचा कायदा (२००१ चा २३ वा) सांगतो की सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. म्हणजे ज्या आज्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्याच्याच शाळेचा दाखला नातवाला मागतात! मग कोतवाल बुक शोधायचं. सी. पी. अँड बेरारच्या काळात गावातला जन्म-मृत्यू ठाण्यात जाऊन सांगणारा कोतवाल पुष्कळदा आपलाच माणूस होता. बातमी त्याने पायी नेली, अक्षर दुसऱ्याचं. ते अक्षर आज फाटलेलं निघालं तर त्रुटी कुणाची?

आपल्या साहित्यात हे कुणीच पाहिलं नाही असं नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही पाहिजे आहे आणि या पोराची ओळख काय लिहायची म्हणून सरपंच अडतो. त्या पुस्तकात मला सगळ्यात जबर वाटते ती हीच जागा. भूक आणि मार यांवर प्रस्थापित समीक्षकांनी भरपूर लिहिलं, हळहळले. भुकेवर हळहळता येतं. कागदावर हळहळता येत नाही, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्चीत कोण बसलंय ते दिसतं.

दुसरं उदाहरण आपल्याच वाचण्याचं देतो. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आपल्यातून गेला. त्याच्या पत्रातले तारे आपण पोस्टरवर छापले, भाषणात म्हटले. त्याच पत्रात हिशेबही आहे. सात महिन्यांची फेलोशिप थकलीय, १ लाख ७५ हजार, ती घरच्यांना मिळू द्या. एका मित्राचे चाळीस हजारांच्या आसपास देणं आहे, ते फेडा. हा भाग आपण पोस्टरवर छापला नाही. तारे आणि हिशेब एकाच हाताने एकाच कागदावर लिहिले होते. आपण अर्धंच पत्र वाचलं.

पैसा कवितेत आला की कविता बाटते, ही सदाशिवपेठी समजूत आहे. ती आपण कुठून उचलली? खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रातला आकडा घ्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, बदल्यात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. महाराजांपर्यंत नेणारे केळुस्कर गुरुजी होते. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर १९४२ साली त्याच माणसाने लिनलिथगोंना निवेदन देऊन आपल्या पोरांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. मी हे असं वाचतो : केळुस्कर गुरुजी प्रत्येक पोराला भेटणार नाहीत, म्हणून ओळखीवर मिळालेली मदत त्यांनी हक्क करून ठेवली. त्या हक्काच्या अर्जावर ‘लाभार्थी’ छापणं ही भाषेची चूक नाही, तो डाव आहे.

आकडे पाठ पाहिजेत. केंद्राने उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरवली, २०२१ च्या नव्या नियमांतही तीच ठेवली. मधे २०१९ साली सवर्ण गरीब कोण ते ठरवलं, तिथे आठ लाख. गरिबीच्या दोन व्याख्या, एकच सरकार! २०२१ च्या नियमांत घरून ये-जा करणाऱ्या साध्या बी. ए.च्या पोराला निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये. खर्चात राज्याचे ४० टक्के आणि केंद्राचे ६०. आधी राज्याने टाकायचे, मग केंद्राने. तोवर कॉलेज दम काढत नाही. आमच्या वस्तीतल्या एका पोरीची गुणपत्रिका एका कॉलेजने अडवून ठेवली होती. बापाने सोसायटीचं कर्ज काढून फी भरली आणि ती सोडवली. शिष्यवृत्ती नंतर आली, तोवर व्याज चढलं होतं.

आणि हे आपल्यातलंच : कोळसा खाणीत पर्मनंट असलेल्याचं पोर मर्यादेच्या वर म्हणून नुसत्या फ्रीशिपवर. जिनिंगमधला हंगामी माणूस मर्यादेच्या कितीतरी खाली, पण त्याच्याकडे पगाराची चिठ्ठीच नसते. आपण खाली आहोत हे त्याला दाखवता येत नाही. दोघं एकाच विहारात वंदनेला बसतात आणि एकमेकांकडे तिरपं पाहतात. यावर एक चांगली कथा होईल. मला कथा जमत नाही, कुणीतरी लिहा.

काही कार्यकर्ते म्हणतील हे साहित्य नाही, समाजकल्याणच्या ऑफिसातलं गाऱ्हाणं आहे. मग ‘अक्करमाशी’तली ती सही काय आहे?

पुढच्या अंकाला कविता पाठवणाऱ्या पोरांनी सोबत आपल्या अर्जावरचा शेरा, नाव-नंबर खोडून, जसाच्या तसा उतरवून पाठवावा. संपादकांशी बोललो आहे. स्टेन्सिलवर जागा ठेवतो म्हणाले.