तक्रार खरी कीं मानीव?

गेल्या महिन्यांत वर्गांत श्याम सेल्वदुराई यांची ‘फनी बॉय’ ही इंग्रजी कादंबरी शिकवीत असतां एका चौकस विद्यार्थ्यानें मला मध्येंच अडविलें. तो म्हणाला, “इंग्रजी अमदानींत श्रीलंकेच्या सरकारी नोकऱ्यांत तामिळांचा भरणा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें फार मोठा होता, असें आपणच सांगितलेंत. मग पुढें त्यांच्यावर अन्याय झाला असें म्हणण्यापेक्षां त्यांचा जादा वांटा कमी झाला, असें कां म्हणूं नये?” प्रश्नांत कुचेष्टा नव्हती. बहुसंख्याक समाजांत वाढलेला सुशिक्षित मनुष्य हा प्रश्न मनांतल्या मनांत विचारीतच असतो. या मुलानें तो उघड विचारला, इतकेंच. तासाची घंटा झाली आणि माझें उत्तर अर्धवट राहिलें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

मुलाचें विधान खोटें नाहीं. जाफन्याची भूमि रुक्ष. तेथें मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या, इंग्रजी शिकलेले तरुण नोकरीसाठीं कोलंबोस आले, आणि देश स्वतंत्र झाला तेव्हां सिंहली बहुजनांस आपल्याच घरांत आपण उपरे आहों असें वाटत होतें. त्यांची ही तक्रारहि खरीच होती. परंतु तिच्यावर जो उपाय योजण्यांत आला तो पाहा. १९४८ सालच्या कायद्यानें चहाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या लक्षावधि तामिळ मजुरांचें नागरिकत्व गेलें. त्यांच्यापाशीं तर नोकऱ्यांचा कसलाच जादा वांटा नव्हता! १९५६ मध्यें सिंहली हीच एक राज्यभाषा ठरली. १९७१ सालीं वैद्यकाच्या प्रवेशास सिंहली विद्यार्थ्याला ४०० पैकीं २२९ गुण पुरले. तामिळ विद्यार्थ्याला २५० लागले. पुढें जिल्हावार वांटणी आली व तिचा लाभ मागासलेल्या तामिळ जिल्ह्यांसहि झाला, हें नमूद केलें पाहिजे. तथापि २४० गुण मिळवून दाराबाहेर राहिलेल्या मुलाला, ‘तुझा वांटा जादा होता,’ हें कोणत्या तोंडानें सांगावें? इंग्रजी अमदानींत तो जन्मलाहि नव्हता.

अर्थात् कायदे आणि आंकडे इतिहासकार सांगेलच; कादंबरीनें कांहीं निराळें सांगितलें तरच तिचा उपयोग. सेल्वदुराई यांचा जन्म १९६५ सालीं कोलंबोंत झाला. वडील तामिळ, आई सिंहली. १९८३ च्या दंगलीनंतर हें कुटुंब कॅनडांत गेलें. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांत एकमेकींत गुंतलेल्या सहा कथा आहेत व त्या अर्जी नांवाच्या मुलाच्या तोंडून येतात. अर्जीचा बाप सुखवस्तु आणि व्यवहारी. उद्यांची भाषा सिंहली, असा हिशेब करून त्यानें मुलांना सिंहली वर्गांत घातलें आहे. राधा आत्याचें एका सिंहली तरुणावर मन जडतें. पण पणजोबांना पूर्वीच्या दंगलींत सिंहली लोकांनीं ठार केलेलें, आणि जाफन्याहून परततांना आगगाडींत राधेवरहि हल्ला होतो. तिचें मन विटतें कीं भितें, याचा निवाडा लेखक करीत नाहीं. लग्न मात्र आपल्यांतल्याच स्थळाशीं होतें.

माझ्या मतें पुस्तकाचा खरा गाभा ‘स्मॉल चॉइसेस’ या प्रकरणांत आहे. जेगन हा बापाच्या दिवंगत मित्राचा मुलगा. मोठ्या प्रेमानें बाप त्याला आपल्या धंद्यांत घेतो. सिंहली नोकर कुरकुरूं लागतात, पोलिसांच्या संशयांत जेगन सांपडतो, त्याच्याविरुद्ध तामिळद्वेषाचीं अक्षरें रंगविलीं जातात. आणि शेवटीं त्याला दूर करण्यांतच बाप शहाणपणा मानतो. येथें कोणताहि मंत्री हुकूम काढीत नाहीं, कायद्याचें कलमहि लागू होत नाहीं. एक सज्जन तामिळ मनुष्य दुसऱ्या तामिळाला वाऱ्यावर सोडतो, कां तर गवगवा होऊं नये म्हणून. मानीव गाऱ्हाणें चव्हाट्यावर सांगतां येतें. हें गाऱ्हाणें गिळावें लागतें. माझ्या विद्यार्थ्याला मला हेंच दाखवावयाचें होतें. वीस-पंचवीस वर्षे अशी तडजोड करीत आलेल्या घराच्या चालीरीतींतच पक्षपाताचा पुरावा सांपडतो, मग नोकऱ्यांचें कोष्टक कांहींहि बोलो.

अर्जीचें आणखी एक वेगळेपण आहे. लहानपणीं त्याला मुलींच्या खेळांत रमतांना पाहून घरचेच लोक बिथरतात, आणि पुढें शेहान या सिंहली मुलावर त्याचें प्रेम बसतें. कांहीं वाचकांस हा विषय अवघड वाटेल. तो गाळला तर मात्र पुस्तक उरत नाहीं. शाळेचा छडीबाज मुख्याध्यापक टिकला तर तामिळ विद्यार्थ्यांचें हित आहे, कारण त्याचा प्रतिस्पर्धी शाळा निव्वळ सिंहली करूं पाहतो. परंतु हाच मुख्याध्यापक शेहानला छळतो. म्हणून भर समारंभांत अर्जी कविता मुद्दाम चुकीच्या म्हणून त्याला तोंडघशीं पाडतो. समाजाच्या हितापुढें एका मित्राचें दुःख त्याला मोठें वाटलें. प्रचारासाठीं लिहिणाऱ्याला हा प्रसंग सुचला नसता.

पुस्तकांत उणीवा आहेत. मळ्यांवरील मजूर येथें जवळजवळ दिसतच नाहींत, आणि जाफन्याच्या समाजांत जातिभेद केवढा कडक होता याचा वाचकाला पत्ता लागत नाहीं. सुखवस्तु कोलंबोच्या दिवाणखान्यांतून जेवढें दिसलें तेवढेंच अर्जीनें पाहिलें. मुलाच्या दृष्टीची ही मर्यादा मला मान्य आहे. तरी मळ्यावरच्या एखाद्या बाईचा आवाज एकदां तरी कानीं पडावयास हवा होता.

शेवटचें प्रकरण रोजनिशीच्या रूपानें लिहिलेलें आहे. जुलै १९८३ मध्यें कोलंबोंत जमाव घरें जाळीत निघाले, तेव्हां तामिळांचीं घरें हुडकण्यासाठीं त्यांच्या हातीं मतदारांच्या याद्या होत्या.  अर्जीच्या घरच्यांना शेजारचें सिंहली कुटुंबच आपल्या कोठीच्या खोलींत लपवितें; आजी-आजोबांना मात्र मोटारीसकट जाळण्यांत येतें. देश सोडण्यास इतके दिवस नकार देणारा बाप त्यानंतर वाद घालीत नाहीं. पुढच्या तासाला वर्ग हेंच प्रकरण वाचणार आहे, आणि तें मोठ्यानें वाचण्याचें काम मीं त्या चौकस विद्यार्थ्याकडे दिलें आहे.