‘एम्पथी’ला मराठीत काय म्हणू नये

मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आणि परीक्षणांत ‘समानुभूती’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. ‘लेखकाने वंचितांचं जगणं समानुभूतीने टिपलं आहे’ अशा थाटाचं वाक्य वाचलं, की त्यामागे इंग्रजी ‘एम्पथी’ उभी आहे हे कळतं. एम्पथीचा अर्थ शिकवणारे तो हमखास ‘सिम्पथी’च्या शेजारी ठेवून शिकवतात. सिम्पथी म्हणजे काठावर उभं राहून हळहळणं, एम्पथी म्हणजे पाण्यात उतरणं. पाठ करायला ही विभागणी सोयीची आहे. पण तिच्या भरवशावर समीक्षा करू लागलो, की घोटाळा होतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्दाचं वय पाहू. ‘सिम्पथी’ जुना शब्द. अ‍ॅडम स्मिथने 1759 साली नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याचं दुःख थोडंफार अनुभवण्याला त्याने ‘सिम्पथी’च म्हटलं होतं. म्हणजे आज आपण ज्याला एम्पथी म्हणतो, जवळजवळ तेच. ‘एम्पथी’ इंग्रजीत आली ती 1909 साली. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने ‘आइनफ्यूलुंग’ या जर्मन शब्दासाठी ग्रीक घटक घेऊन ती घडवली. गंमत म्हणजे आजच्या ग्रीक भाषेत ‘एम्पाथिया’चा अर्थ आकस, द्वेष असा होतो.

ज्या जर्मन शब्दासाठी ही घडण झाली, त्याचा दुःखितांशी सुरुवातीला फारसा संबंधच नव्हता. रॉबर्ट फिशरने 1873 मध्ये तो वापरला तो सौंदर्यशास्त्रात. खांब, डोंगर, कमान पाहताना आपण आपलीच भावना त्या आकारात ओततो, असा त्याचा आशय. पुढे थिओडोर लिप्सने दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाचं उदाहरण घेतलं. प्रेक्षक खालीच असतो, पण आतून तोल सांभाळत असतो. फिशरच्या डोंगराला स्वतःची भावना नव्हती; ती पाहणाऱ्याची होती. शब्दाच्या जन्मातली ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एम्पथीत दुसऱ्याचं मन आपल्यात येतं, की आपलंच मन दुसऱ्यावर पसरतं? जन्मवेळचा अर्थ दुसऱ्या बाजूला झुकतो.

आता मराठी पर्याय. ‘सहानुभूती’ हा शब्द घडणीने निर्दोष आहे: सह अनुभवणं. पण वापराने तो झिजला. 1984च्या निवडणुकीनंतर ‘सहानुभूतीची लाट’ राजकारणात कायमची वस्तीला आली आणि ‘सहानुभूती नको, हक्क हवेत’ या घोषणेत तो शब्द दयेच्या भावात विकला गेला. तेव्हा नवा शब्द हवा हे खरं. पण ‘समानुभूती’? ‘सम’ म्हणजे सारखा. लेखकाचा अनुभव आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचा अनुभव सारखा आहे, असा दावा हा शब्द करतो. इंग्रजी शब्द इतकं बोलत नाही. आपण भाषांतर करताना दावा वाढवून घेतला आहे.

या दाव्याला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. 1885 मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना नकाराचं पत्र लिहिलं. जे माणसाला माणसाचे हक्क खुल्या दिलाने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभा-पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा रोख होता. त्यात लेखकाच्या मनाच्या कोमलतेची चौकशी नाही, व्यवहाराची आहे. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण आपण सहज वापरतो, फुल्यांनी तिच्यामागचा हिशेब मांडला. पुढे दलित साहित्याने हाच प्रश्न मराठी समीक्षेच्या दारात आणून ठेवला. त्यानंतरही आपण ‘समानुभूती’ इतक्या सहजपणे वाटत असू, तर तो वाद आपण वाचला, पण ऐकला नाही.

आणखी एक लाडका शब्द: परकायाप्रवेश. नटांच्या आणि कादंबरीकारांच्या कौतुकात तो हटकून येतो. पण मूळ कथा आठवून पाहा. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले ते राजा मेल्यावर. परकायाप्रवेशाला रिकामा देह लागतो. जिवंत माणसाच्या देहात आधीच एक राहणारा असतो. अमेरिकी अभ्यासक सायडिया हार्टमन यांनी 1997च्या पुस्तकात याच धोक्यावर बोट ठेवलं. जॉन रँकिन हा गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक गुलामांच्या यातना समजाव्यात म्हणून स्वतःला आणि आपल्या कुटुंबाला त्यांच्या जागी कल्पतो. हेतू चांगला. पण त्या कल्पनेत फटके खाणारं शरीर रँकिनचं होतं आणि मूळ माणूस दृश्यातून नाहीसा होतो. हीच ती आइनफ्यूलुंग: डोंगराच्या जागी आता माणूस आहे, इतकंच.

मग हा शब्द मोडीत काढायचा का? मला तसं वाटत नाही. कल्पनेने दुसऱ्याच्या घरात जायचंच नाही असं ठरवलं, तर कादंबरी उरणार नाही, आणि शेजारधर्मही. मला इथे न. चिं. केळकर उपयोगी वाटतात. 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी वाङ्मयानंदासाठी ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. दोन्हींचं भान एकाच वेळी राहतं. केळकर आनंदाबद्दल बोलत होते, अन्यायाबद्दल नव्हे. त्यामुळे त्यांचा शब्द जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण ‘सविकल्प’ हे विशेषण ‘सम’पेक्षा प्रामाणिक आहे. मी तू नाही, हे त्यात पुसलं जात नाही.

वापराकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजीत एम्पथी ‘असते’ किंवा ‘नसते’, एखाद्या मालमत्तेसारखी. मराठीत आपण जुन्या वळणाने बोलतो तेव्हा क्रियापदं येतात: समजून घेणं, जाणून घेणं, विचारपूस करणं. त्या सगळ्यांत ‘घेणं’ आणि ‘विचारणं’ आहे. म्हणजे समोरचा बोलेपर्यंत थांबणं आहे. तो ‘तुला कळलं नाही’ असं म्हणू शकतो, ही शक्यता त्यांत शिल्लक राहते. ‘समानुभूती’त ती नाही, कारण तिथे निकाल आधीच लागलेला असतो आणि तोही लेखकाच्या बाजूने.

म्हणून परीक्षणात हा शब्द दिसला, की मला तीन साधे प्रश्न पडतात. पुस्तकातलं पात्र लेखकाला न कळणारं काही बोलतं का? लेखकाला गैरसोयीचं, अप्रिय असं ते वागू शकतं का? आणि त्याच्या दुःखाखेरीज त्याचा विनोद, त्याचा क्षुद्रपणा, त्याची चैन यांना पानांवर जागा आहे का? तिन्हींना ‘हो’ म्हणता येत असेल, तर ‘समानुभूती’ न लिहिताही ती वाचकाला पोचते. नसेल, तर त्या पात्राच्या देहात लेखकच राहत आहे, एवढं परीक्षणाने स्पष्ट लिहावं.