गंगा कोठी : दाण्यापासून दारापर्यंत

पन्हाळ्यावर आलेला माणूस सज्जाकोठीत रमतो, तीन दरवाजापाशी फोटो काढतो आणि अंबरखान्याला मात्र ‘धान्याचं कोठार’ म्हणून दोन मिनिटांत उरकतो. इथे रेंगाळायला हवं. गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांतली गंगा सर्वांत मोठी. क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची ३५ फूट. वरी, नागली आणि भात मिळून २५ हजार खंडी धान्य तिच्यात मावत असे.

आधी धान्यांची निवड पाहा. नागलीला कीड सहसा लागत नाही, ती वर्षानुवर्षं राहते. आणि तांदूळ नव्हे, भात. तूस अंगावर असेतो दाणा टिकतो. भिंत उभी राहण्याआधीच अर्धी राखण झालेली आहे.

आता मान वर करा. छताचे १६ खण, प्रत्येकाला स्वतःची चपटी घुमटी आणि प्रत्येकीत एक भोक. बाहेरच्या जिन्याने माथ्यावर चढायचं आणि हव्या त्या खणात धान्य ओतायचं. एकाच दारातून भरलं असतं, तर दाराशी रास आणि आतले कोपरे रिकामे. शिवाय रास आत ओढणारी माणसं धान्य तुडवत हिंडली असती. इथे ते सगळं काम धान्याच्या वजनावरच सोपवलं आहे. किती थोडक्या साधनांत!

एका कोठीत ओल शिरली तरी दोन उरतात. अंबरखान्यातच दारूकोठारही होतं, हे कळल्यावर ही वाटणी अधिकच शहाणी वाटते.

मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तो ऐन पावसाळ्यातही उठला नाही. आपल्याला पावनखिंड आठवते, आणि ते योग्यच आहे. पण शिवकालीन गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने कारखानीस असे, सामग्रीचा हिशेब त्याच्याकडे. त्याचीही आठवण व्हावी. वेढ्याशिवायही वाट तुटते : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, मालाचे ट्रक अडकून पडले आणि खालच्या कोल्हापूरची कोंडी झाली. वाट तुटली की आत असेल तेवढंच आपलं, हे धरूनच ही कोठी बांधलेली आहे.

निघताना पूर्वेच्या दाराशी थांबा. वर सज्जा, विजापुरी वळणाचं चुन्याचं नक्षीकाम. महालाला शोभेल अशी कारागिरी नागली आणि भाताच्या दारावर केली आहे, आणि मला सबंध पन्हाळ्यात याहून देखणं काही वाटत नाही.