संगणकीय पुरातत्त्व : प्रतिमा, पुरावा आणि अनुमान

बौद्ध लेण्यांच्या अभ्यासात संगणकाचा शिरकाव झाला, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. शेकडो छायाचित्रे जुळवून लेण्याची त्रिमित प्रतिकृती तयार करता येते. ब्राह्मी लिपीला २०१० मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. या साधनांचे स्वागत करीत असतानाच, त्यांनी पुरावा म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर सोपे केले की अधिक अवघड केले, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम लाभ पाहू. ठाणे खाडीच्या पूर्वेस बोनकोडे, तर पश्चिमेस साष्टीच्या डोंगरात कान्हेरी. तेथील प्राकृत लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक, चेमुल येथील दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार-लोहार आहेत, भिक्खुणीही आहेत. हे लेख उघड्या कातळावर झिजत आहेत. ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे केवळ एक टिंब. ते छिन्नीचे की दगडातील नैसर्गिक खळगीचे, हे शाईच्या ठशावरून ठरविणे कठीण जाते. प्रकाशाची दिशा बदलून टिपलेल्या चित्रांचा संच संगणकावर एकत्र पाहिला, तर खळगीचा आकार आणि खोली ध्यानात येते. एका टिंबाने विभक्ती बदलते, आणि विभक्तीने दाता व दान यांचा संबंध बदलतो. हा लाभ लहान नव्हे.

तथापि यंत्र अक्षर दाखवील. अर्थ दाखविणार नाही. या लेखांत ‘देयधम’ असे कोरलेले असते, कारण जोडाक्षर पूर्ण लिहिण्याची तेथे रूढी नाही. त्यामागील ‘देय्यधम्म’ ओळखण्यास पालि-प्राकृताचे ज्ञान हवे. ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘अखयनिवि’ म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी कायम ठेव, हे जाणल्यावाचून त्या काळच्या संघाचे अर्थजीवन समजत नाही.

दुसरा मुद्दा प्रतीच्या विश्वासार्हतेचा. १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांना कान्हेरीच्या चैत्यगृहासमोरील स्तूपात एक ताम्रपट मिळाला. सिंधू देशातील बुद्धरुची याने शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे पालि परंपरेतील सारिपुत्ताच्या, स्मरणार्थ चैत्य उभारल्याची नोंद त्यात होती. मूळ पट पुढे नाहीसा झाला. अभ्यास चालतो तो छापील प्रतिकृतीवर. अजिंठ्याची कथा उलटी आहे. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक चित्रप्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. मूळ भित्तिचित्रे मात्र लेण्यांत उरली. म्हणजे मूळ आणि प्रत यांपैकी कोणा एकावर विसंबणे धोक्याचे. मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा झुरिचच्या संशोधकांना १९७० मधील छायाचित्रांवरून त्यांची त्रिमित प्रतिकृती रचता आली. प्रत उपयोगी पडली. पण मूर्ती परत आली नाही.

आमचा मुख्य आक्षेप तिसऱ्या मुद्द्यावर आहे. शिलालेखाचे वाचन छापताना अभ्यासक संदिग्ध अक्षर चौकोनी कंसात ठेवतो. पालि ग्रंथाचा संपादक पाठभेद तळटीपेत देतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकीय तिपिटक तयार केले, त्यातही पाठभेद राखले आहेत. हा कंस म्हणजे अभ्यासकाचा प्रामाणिकपणा होय. संगणकावर ‘पूर्ण’ केलेल्या भित्तिचित्राला असा कंस नसतो. उडालेला रंग, तुटलेला हात, पुसलेला चेहरा अनुमानाने भरला जातो आणि पाहणाऱ्यास अनुमान व अवशेष एकसारखेच तेजस्वी दिसतात. सुंदर चित्र मिळते, पुरावा मात्र गढूळ होतो. ज्या समाजाचा इतिहास इतरांच्या अनुमानांखाली दीर्घकाळ झाकला गेला, त्याने तरी हा फरक नजरेआड करू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा केवळ तर्क यांवर विसंबून काही स्वीकारू नका, हा कालाम सुत्तातील उपदेश डोळ्यांना सुखावणाऱ्या प्रतिमेलाही लागू आहे.

म्हणून आम्ही तीन अपेक्षा मांडतो. प्रत्येक संगणकीय पुनर्रचनेत मूळ भाग आणि भरलेला भाग वेगळा दाखवावा. मूळ छायाचित्रे, मोजमापे आणि नोंदी यांसह ती सर्व अभ्यासकांस खुली असावी. केवळ पर्यटकांच्या करमणुकीपुरती नसावी. आणि विहारांतून पालिबरोबर ब्राह्मी वाचनाचेही वर्ग चालावेत. खाडीपलीकडच्या कातळावर आपले नाव कोरविणाऱ्या सोनाराला, लोहाराला आणि भिक्खुणीला ते नाव वाचले जावे असे वाटले असणार. ते पडद्यावर आणून ठेवणे हे यंत्राचे काम आहे. वाचणे हे आपले.