जडवस्तूंची नोंद आणि घराचे साहित्य

महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी नियतकालिकांचे दिवाळी अंक आम्ही गेली कित्येक वर्षे नियमाने वाचीत आलो आहो. या अंकांत कथाकवितांच्या जोडीने एक लेखप्रकार हटकून आढळतो. कोणी त्याला आठवण म्हणतो, कोणी ललित लेख. विषय मात्र ठरलेला असतो. आजीचा फराळाचा डबा, पितळेची भातुकली, सागरगोट्यांची पुरचुंडी, माळ्यावरची ट्रंक आणि ती उघडताच येणारा कापराचा वास. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या मागे राहिलेल्या घराची ओढ असावी हे स्वाभाविकच आहे, आणि त्या ओढीची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि हे लेख एकापाठोपाठ एक वाचले असता जी एक उणीव सतत बोचत राहते, तिचा विचार कोणीतरी करावयास हवा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना जडवस्तूंच्या नोंदवहीची ओळख करून द्यावयास नको. टेबल, खुर्ची, कपाट, भिंतीवरचे घड्याळ यांपैकी प्रत्येकाला तीत एक क्रमांक मिळतो. वर्षातून एकदा कोणी अधिकारी येतो, वस्तू जागेवर आहे की नाही हे पाहतो आणि सही करून जातो. त्या खुर्चीवर कोण बसले आणि त्या टेबलावर कोणाचे काम अडले, याची नोंद त्या वहीत नसते. असण्याचे कारणही नाही. परंतु हीच रीत साहित्याने उचलली तर काय होते, याचे प्रत्यंतर वर सांगितलेल्या लेखांत येते. पितळी जाते : एक. बंब : एक. सागरगोटे : पाच. प्रत्येक वस्तूपुढे एक उसासा घातला म्हणजे लेख पुरा होतो. त्या जात्यात काय दळले जाई, डाव कोण चिडखोरपणे मोडीत असे, फराळ करताना तूप कमी पडले तर आजी काय करी, हे वाचकाला कळत नाही. या लेखांत नामांची रेलचेल आहे. क्रियापदांचा मात्र दुष्काळ आहे.

घरगुती भट्टीचेच उदाहरण घ्या. नानकटाईवाचून दिवाळीची आठवण पुरी होत नाही, आणि ‘नानकटाईचा खमंग दरवळ’ हे शब्द तर आता शिक्क्यासारखे उमटतात. पण नानकटाई ही वासातून निर्माण होत नाही. तूप परातीत घेऊन तळहाताने फेसावे लागते. ते पांढरे आणि हलके होईतो हात थांबवून चालत नाही. मग पिठीसाखर, मग मैदा, वेलदोड्याची पूड, चिमूटभर सोडा. गोळा मळावयाचा नाही, नुसता एकत्र आणावयाचा. मळला तर खुसखुशीतपणा गेला. ज्या घरी भट्टी नाही तेथे जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून आत थाळी ठेवतात आणि झाकणावर निखारे रचतात. दिल्लीत आजही काही कुटुंबे आपले तूप, साखर, पीठ घेऊन जवळच्या भट्टीवाल्याकडे जातात आणि डबे भरून बिस्किटे घरी आणतात. आपलेच तूप आपल्या पत्र्यावर पडते की नाही हे पाहण्यासाठी घरातले एक पोर तेथे बसवून ठेवण्याची चालही आमच्या चांगल्या परिचयाची आहे. त्या पहाऱ्यावर बसलेल्या मुलाला जे दिसते, म्हणजे भट्टीचा उजेड, शेजारच्या पंजाबी बाईंचा पत्रा, आपल्या आईने तुपात केलेली काटकसर, त्यात एक कथा आहे. ‘दरवळ’ या शब्दात ती नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. आपल्या भाषेत भाजणे हे एक क्रियापद किती कामे करते! तव्यावर भाकरी भाजावयाची, कढईत शेंगदाणे भाजावयाचे, निखाऱ्यावर वांगे भाजावयाचे आणि भट्टीत नानकटाईही भाजावयाची. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. गोव्यात बेबिंका करताना नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप, मैदा यांच्या मिश्रणाचा एक थर वरच्या विस्तवावर भाजून झाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. म्हणून ते काम घाईच्या माणसाचे नव्हे. चार मुलखांत विस्तवाची जागा बदलते, कोठे खाली, कोठे वर, कोठे चहूकडून. क्रियापद तेच राहते. घरातल्या विस्तवाचा हा एवढा मोठा इतिहास आपल्या बोलण्यात वावरत असता आमच्या आठवणलेखकांना मात्र पुण्यामुंबईच्या एका विशिष्ट स्वयंपाकघरापलीकडचे सहसा काही आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे पाककृती नव्हे. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण तो आमच्या म्हणण्याला लागू पडत नाही. घरातील कृती साहित्यात कशी यावी याचे नमुने मराठीत पूर्वीच होऊन गेले आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ घ्या. त्यातील अळणी भाजीचा प्रसंग प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले. जेवणाऱ्याने ते बोलून दाखविले नाही. आई मागाहून जेवावयास बसली तेव्हा तिला ते उमगले. येथे चवीचे वर्णन हा विषयच नाही. रांधणारी बाई सर्वांच्या मागून जेवते, या घराच्या रीतीवर तो प्रसंग उभा आहे. ती रीत काढून घेतली तर जेवणाऱ्याच्या मौनाला अर्थ उरत नाही. गुरुजींच्या हळवेपणाविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे; परंतु त्या हळवेपणाखाली घरातील कामाची जी पक्की माहिती आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पत्रावळीचा प्रसंगही तसाच. तेथे पान ही वस्तू नाही, पत्रावळ लावता येणे ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि मुलाचा अभिमान त्या येण्या-न-येण्यावर टांगलेला आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जे विलक्षण वेड लागले होते, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात यावयाचा नाही असा जो दंडक होता, त्याचे वर्णन करताना लक्ष्मीबाई एकदाही गहिवरत नाहीत आणि चिडतही नाहीत. त्या नुसते काय होत असे ते सांगतात. त्या धुण्यावाळवण्याचा भार कोणाच्या अंगावर पडत असेल हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. बालपणीच्या घरावर प्रेम करावे आणि त्या घरातला जाचही लपवू नये, ही दोन्ही कामे एकाच वाक्यात साधण्याची हातोटी लक्ष्मीबाईंची. आमच्या दिवाळी अंकांतील आजी मात्र नेहमी हसतमुख असते आणि तिची कंबर कधी दुखत नाही.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावर आमचा विशेष लोभ आहे, कारण तो आमच्याच जातीचा, म्हणजे कारकून. त्याचे जनक बडोद्यास पालीचे अध्यापक होते. म्हणजे मराठी मध्यमवर्गीय घराचे हे गाजलेले चित्र गुजरातेत राहणाऱ्या माणसाच्या लेखणीतून उतरले. अंतराने लेखकाला हळवे केलेच पाहिजे असे नाही, हा यातून घ्यावयाचा धडा. चिमणरावाचे घर सतत काही ना काही करीत असते आणि बहुधा ते फसते. म्हणूनच ते जिवंत वाटते.

मग ही नामांची साथ आली कोठून? आमच्या मते तिचे मूळ लघुनिबंधाच्या अनुकरणात आहे. १९२५ नंतरच्या दशकात फडके, खांडेकर, काणेकर यांनी तो प्रकार रूढ केला आणि साध्यासुध्या वस्तूला साहित्यात पाट मांडून मिळाला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या प्रकारात वस्तू हे निमित्त असते आणि लेखकाचे मन हा विषय असतो. कसलेल्या हातांना ते शोभले. मागून आलेल्यांच्या हाती निमित्त तेवढे उरले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाचेही असेच अनुकरण झाले. तो लेख खवय्याचा आहे आणि आपण खवय्ये आहो हे तो खुल्या दिलाने सांगतो. त्याचे अनुकरण करणारे मात्र पानावर बसूनच स्वयंपाकघराच्या आठवणी सांगू लागतात. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची बाजू त्यांना पाठमोरीच दिसते.

गंमत अशी, की ज्या पुस्तकांना कोणी साहित्य म्हटले नाही त्यांनी हे काम अधिक निष्ठेने केले. अनंत बाबाजी देवधर यांचे ‘मराठी खेळांचे पुस्तक’ १९०५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ हा पाकक्रियांचा ग्रंथ १९१० सालचा. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. ‘रुचिरे’तील वाटी-चमच्याची मापे ही आम्हांला मोठी सहृदय कल्पना वाटते. सासर परगावी, शेजार परभाषी आणि विचारावयास वडीलधारे कोणी नाही, अशा स्थितीतल्या मुलीच्या घरी तराजू नसेल पण वाटी असेल, हे लेखिकेने ओळखले. आपल्या बदलीच्या गावी या एका पुस्तकाच्या आधाराने संसार मांडलेल्या किती गृहिणी या नियतकालिकाच्या वाचकांत असतील! त्या पुस्तकात गहिवर नाही. माप आहे, क्रम आहे आणि ‘येथे चुकण्याचा संभव आहे’ असा इशारा आहे.

खेळांविषयीही हेच म्हणावे लागते. दशावतारी गंजिफा दिसावयास सुंदर, म्हणून तिच्यावर लेख होतात. रंग, लाख, सावंतवाडी, सर्व येते. पण दहा अवतारांची प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० पाने असतात, आणि दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा, हा नियम सांगितल्यावाचून त्या गोल चकत्यांचा खेळ होत नाही. दिवस आणि रात्र यांना पत्त्यांच्या डावात जागा देणाऱ्या लोकांची कल्पकता त्या नियमात आहे, चित्रात ती अर्धीच आहे. भोंडल्याचेही तसेच. पाटावर हत्ती काढावयाचा, फेर धरावयाचा, गाणी म्हणावयाची, हे सर्व लेखांत असते. परंतु आम्हांला त्यातील खरा खेळ खिरापत ओळखण्याचा वाटतो. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशा वाढत जाणाऱ्या खिरापती. डबा हलवून, कानाशी धरून, ‘गोड की तिखट?’ असे विचारून त्या ओळखावयाच्या. कोणाला ओळखता येऊ नये म्हणून यजमानीण बाई काय युक्त्या करी, गरीब घरची मुलगी आपल्या पाळीच्या दिवशी डब्यात काय ठेवी, आणि ते ओळखले गेले असता तिचा चेहरा कसा होई! स्वयंपाकघर आणि खेळ जेथे एकमेकांना भेटतात अशी ही जागा; आणि आठवणलेखक तेथून ‘खिरापतीची मजा काही औरच’ एवढे म्हणून पुढे निघून जातात.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही इतके लिहिले नसते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या दृष्टीने यात भाषेचाच प्रश्न गुंतलेला आहे. ही मुले मराठी बोलतात; पण कान देऊन ऐकावे तर त्यांना नामे येतात, क्रियापदे निसटतात. पोळी हा शब्द आहे, पण ती लाटली न जाता ‘बेलली’ जाते. फेसणे, तिंबणे, मळणे, कालवणे या चारही क्रियांच्या जागी एकच ‘मिक्स करणे’ आले आहे. सागरगोटा हा शब्द पाठ आहे, पण झेलणे आणि पकडणे यांतला भेद हाताला ठाऊक नाही. यात मुलांचा दोष नाही. क्रियापद ऐकून येत नाही; कोणी करताना पाहिले आणि त्याच वेळी ते कानावर पडले, तर येते. जेथे पाहणे शक्य नाही तेथे लिहिणाऱ्याचे दायित्व वाढते. घराविषयी जे काही आपण छापतो ते या मुलांपर्यंत पोचणारे बहुधा शेवटचे मराठी घर असते. त्यात नुसत्या वस्तू ठेवल्या तर त्यांना एक संग्रहालय मिळेल. तेथे ते आदराने उभे राहतील, आणि बाहेर पडून दुसऱ्या भाषेत खेळू लागतील.

म्हणून आमची लेखकांस आणि संपादकांस नम्र सूचना अशी : पुढील दिवाळी अंकासाठी बालपणीच्या ठेव्यावरचा लेख हाती घेताना लेखकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोण वापरीत असे आणि कशी? ते काम करताना कोणाला कष्ट पडत? आणि डाव असेल तर हरणाऱ्याचे काय होई? या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतील तर घरातील वडीलधाऱ्या मंडळींना, विशेषतः बायकांना, विचारावीत. त्या अजून सांगावयास आहेत तोवर. उत्तरे मिळाल्यावर लेखात उसासा घालावयास जागा उरली, तर तो अवश्य घालावा.